भूकंपाबद्दल गावात बोलायचं तर आधी घराबद्दल बोला

विचारणाऱ्या ताईंनी जिऑलॉजीत एमएस्सी केलंय, आता आपत्ती व्यवस्थापनाच्या एका प्रोजेक्टवर सोलापूर जिल्ह्यात काम करतायत. त्यांचं म्हणणं असं की अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शी भागातल्या गावांत भूकंपाच्या धोक्यावर बोलायला जाते, पृथ्वीच्या थरांपासून झोनच्या नकाशापर्यंत सगळं मराठीत तयार करून नेते, पण दहा मिनिटांत लोक मोबाईल काढतात आणि शेवटी एकच प्रश्न येतो, "मॅडम, कधी होणार तेवढं सांगा की." सांगता येत नाही म्हटलं की सभा संपली. मग सामान्य माणसाला हे शास्त्र सांगायचं तरी कसं?

ताई, मी सिव्हिल इंजिनिअर. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरं दुरुस्त आणि मजबूत करायचं जे मोठं काम झालं तिथपासून या विषयात आहे, गवंड्यांपासून झेडपीच्या सदस्यांपर्यंत सगळ्यांपुढे बोललोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

तुमची माहिती चांगलीच असणार, माझ्या मते क्रम उलटा लागलाय. तुम्ही हिमालयापासून सुरू करून गावात येताय, आणि गावात पोचेपर्यंत ऐकणारा दमतो. भारताची प्लेट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटरने उत्तरेला सरकते, त्याचा ताण पार आपल्या दख्खनपर्यंत येतो, खाली जुन्या कमजोर भेगा आहेत त्या कधीतरी सरकतात, हे सगळं खरं आहे आणि मला स्वतःला फार आवडतं, पण समोरच्या माणसाच्या हातात त्यातलं काहीच नाही. त्याच्या हातात त्याचं घर आहे. म्हणून पहिला फोटो माळवदाच्या, म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं छप्पर असलेल्या, घराचा दाखवा, जमलं तर त्याच गावातल्या घराचा, मालकाला विचारून. प्लेट वगैरे कोणी विचारलं तर सांगायचं, आणि विचारतात, तासाभराने हमखास विचारतात, पण तेव्हा त्यांना ते हवं असतं म्हणून ऐकतात.

दुसरी गोष्ट, आपल्या भागात चाळिशीच्या पुढच्या जवळपास प्रत्येकाला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला ६.२ चा भूकंप, जवळपास दहा हजार माणसं गेली. सोलापूरपासून हवाई अंतर धरलं तर ७०-७५ किलोमीटर, आपल्याकडेही लोक झोपेतून उठून रस्त्यावर आले होते. त्यामुळे गावात गेल्यावर आधी थोडा वेळ तुम्ही बोलूच नका, विचारा. त्या पहाटे कुठे होता, घरातलं काय पडलं, गावात कुठली भिंत पडली आणि कुठली उभी राहिली. एखादी आजी सांगेल कोनाड्यातले देव खाली आले, एखादा गवंडी सांगेल अमक्याच्या वाड्याचा कोपरा सुटला पण लाकडाचा सांगाडा जागेवर होता, तरुण पोरं पहिल्यांदाच ऐकत असतात, आणि तुमच्या लक्षात येईल की अर्धं शास्त्र त्यांनी आधीच सांगून टाकलंय, तुम्हाला फक्त कारण जोडायचंय. भिंत का पडली आणि खांब का राहिला हे कळलं की बाकीचं सोपं जातं.

आता झोनबद्दल. लोकांसमोर "आपण झोन तीनमध्ये येतो" एवढंच वाक्य टाकलं तर त्याचे तीन अर्थ निघतात, मी हे तिन्ही ऐकलेत. एक, पाचपैकी तीन म्हणजे मधले, म्हणजे ठीक आहे. दोन, झोन तीन म्हणजे तीन रिश्टरचा भूकंप येणार. तीन, शेजारचा तालुका दोनमध्ये असेल तर तिथे भूकंप येत नाही, रेघ ओलांडली की सुरक्षित. तिन्ही चूक, पण यात लोकांचा दोष नाही, आपण आकडा दिला आणि तो कशाचा ते सांगितलं नाही. झोन म्हणजे इंजिनिअरने घर बांधताना कमीत कमी किती जोराचा आडवा हादरा धरून चालायचं याचा सरकारी नियम. १९९३ साली किल्लारी तेव्हाच्या नकाशात झोन एकमध्ये होतं, देशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, आणि तिथेच एवढा विध्वंस झाला. २००२ च्या कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या सरकारी नियमांत, झोन एक काढूनच टाकला, लातूरचा पट्टा झोन तीनमध्ये घेतला, त्याच कोडच्या यादीत आपल्या सोलापूरच्या नावापुढेही तीन आहे, झोन फॅक्टर, म्हणजे डिझाईनमध्ये धरायच्या हादऱ्याचा आकडा, ०.१६. गावात हा ०.१६ सांगू नका, ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीच्या कॉन्ट्रॅक्टरला मात्र जरूर विचारा की डिझाईनमध्ये धरलाय का. पण किल्लारीची झोन एकची गोष्ट सांगाच, कारण "कमी धोका" आणि "धोका नाही" यातला फरक त्या एका उदाहरणातून जेवढा कळतो तेवढा दुसऱ्या कशातून कळत नाही.

मला तुम्हाला खरं म्हणजे सांगायचंय ते पुढचंच, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. या कामात सगळ्यात धोकादायक वाक्य म्हणजे "काळजी करू नका, काही होणार नाही". घाबरवणं वाईट आहेच, पण खोटा धीर देणं त्याहून वाईट असं माझं स्पष्ट मत आहे.

किल्लारीच्या परिसरात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छोट्या धक्क्यांची मालिका झाली होती, त्यातला मोठा साधारण ४.५ चा. लोक घाबरले, बाहेर झोपायला लागले, मग धक्के थांबले, लोक घरात आले, आणि वर्षभराने ती पहाट उजाडली. आता, त्या मालिकेवरून कोणी सांगू शकलं असतं का की पुढच्या सप्टेंबरमध्ये ६.२ येणार? नाही. अशा मालिका बहुतेक वेळा नुसत्याच विरून जातात. पण "तुमची घरं दगडमातीची आहेत, छपरावर टनावारी माती आहे, ती थोडी उतरवा, भिंती बांधून घ्या" हे मात्र त्या वर्षभरात सांगता आलं असतं, त्याला भाकिताची गरजच नव्हती.

असंच इटलीत झालं, आणि ते प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचायला हवं. लाक्विला नावाचं जुनं शहर, दगडी घरांचं. २००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन्महिने छोटे धक्के चालले होते, एक तंत्रज्ञ रेडॉन वायूवरून भाकितं करत फिरत होता, लोक घाबरलेले. ३१ मार्चला मोठमोठ्या शास्त्रज्ञांची सरकारी समिती तिथे बसली, आणि त्याच सुमारास एका अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की छोटे धक्के होतायत हे उलट चांगलंच, ऊर्जा बाहेर पडतेय, निवांत वाईन प्या. ६ एप्रिलला पहाटे साडेतीनच्या सुमाराला ६.३ चा भूकंप झाला, तीनशेहून जास्त माणसं गेली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या रीत होती की रात्री धक्का बसला की बाहेर चौकात जायचं, आणि कोर्टात नातेवाइकांनी सांगितलं की टीव्हीवरचा तो धीर ऐकून त्या रात्री आमची माणसं घरातच थांबली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि त्या अधिकाऱ्याला सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन दोन वर्षं राहिली. जगभर बातम्या आल्या की भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा, पण खटला भाकिताचा नव्हता, लोकांना धोका कसा सांगितला याचा होता.

आणि ते "ऊर्जा बाहेर पडतेय" आपल्याकडेही प्रत्येक सभेत कोणीतरी म्हणतंच, छोटे होऊन गेलेले बरे, मोठा टळतो. त्याला हिशोब सांगा, लोकांना हिशोब पटतो. भूकंपाच्या आकड्यात, म्हणजे मॅग्निट्यूडमध्ये, एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते. म्हणजे किल्लारीच्या ६.२ इतकी ऊर्जा ४.५ च्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर असे साडेतीनशे धक्के लागतील. ३ एप्रिल २०२५ ला आपल्या सांगोल्याजवळ २.६ चा झाला होता, तसल्या धक्क्यांनी काढायची म्हटलं तर अडीच लाख. छोट्या धक्क्यांनी मोठा टळत नाही, छोट्या धक्क्यांनी मोठा येतोच असंही नाही. ही दोन वाक्यं एका दमात सांगायची, एक गाळून दुसरं सांगितलं की फसगत झाली.

आता त्या "कधी" कडे येऊ. "सांगता येत नाही" हे उत्तर खरं आहे पण अर्धं आहे, आणि अर्धं उत्तर दिलं की उरलेलं अर्धं व्हॉट्सॲप भरून काढतं. मी काय सांगतो ते लिहितो. म्हणतो, जगात कुणालाच दिवस, वेळ, जागा सांगता येत नाही, आणि प्रयत्न झाले नाहीत असं नाही. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगला आधी झालेले छोटे धक्के बघून लोकांना बाहेर काढलं आणि खूप जीव वाचले, सगळ्यांना वाटलं जमलं, तर पुढच्याच वर्षी तांगशानला काहीच इशारा न मिळता दोन लाख चाळीस हजारांच्या वर माणसं गेली. अमेरिकेत पार्कफील्ड म्हणून गाव आहे, तिथे बऱ्यापैकी ठराविक अंतराने भूकंप होत आले होते, शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून सांगितलं १९९३ च्या आत होईल, तो झाला २००४ ला. एवढं ऐकलं की लोकांना कळतं की हे काही लपवत नाहीत, खरंच जमत नाही. मग लगेच, थांबायचं नाही, पुढचं वाक्य बोलायचं, "कधी ते माहीत नाही, पण आला तर कोण मरेल आणि कोण वाचेल ते बऱ्यापैकी माहीत आहे, ते सांगू का?" माझ्या अनुभवात इथे मोबाईल परत खिशात जातात.

शक्यतेचे आकडे सांगायचेच असतील तर सांभाळून. रिपोर्टमध्ये ४७५ वर्षांचा रिटर्न पिरियड, म्हणजे एवढा हादरा सरासरी किती वर्षांनी बसतो ते, असं लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं गावात सांगितलं तर लोक सरळ बेरीज करतात, १९९३ ला झाला ना, मग आता पुढची साडेचारशे वर्षं निवांत. तोच आकडा पन्नास वर्षांत दहा टक्के असाही सांगता येतो, गणित एकच आहे. मी सांगतो की तुम्ही आज घर बांधलं, ते पन्नास वर्षं वापरलं, तर त्या काळात एवढा किंवा याहून मोठा हादरा बसायची शक्यता दहात एक. शेतकऱ्याला शक्यता शिकवावी लागत नाही, तो दरवर्षी पेरणी त्याच भरवशावर करतो, पिकाचा विमा काढावा की नाही हाही तोच हिशोब. त्याला फक्त आकडा त्याच्या घराच्या आयुष्याएवढ्या काळाचा द्यायचा, ४७५ वर्षं कुणीच जगत नाही.

मॅग्निट्यूड आणि तीव्रता यातला गोंधळ तर पेपरवालेही करतात. माझं उदाहरण गणपतीतल्या डीजेचं आहे, सोलापुरात ते समजवावं लागत नाही. डीजे किती वॅटचा हा एकच आकडा, तो डीजेचा, गावभर तोच राहतो. पण तुमच्या खिडकीची काच किती थरथरते ते तुम्ही किती लांब, मधे काय, आणि काच कशी बसवलीय यावर, घराघरात वेगळं. मॅग्निट्यूड भूकंपाचा, तीव्रता तुमच्या जागेची. म्हणूनच "किती रिश्टरपर्यंत माझं घर टिकेल" या प्रश्नाला नुसता आकडा देता येत नाही, जवळचा ५.५ लांबच्या ७ पेक्षा जास्त पाडू शकतो. किल्लारीचा ६.२ जगाच्या हिशोबात मध्यमच म्हणायचा, पण तो फार उथळ होता, जेमतेम काही किलोमीटर खाली, आणि वर घरं तसली होती.

आता घरं. इथे कंजुषी करू नका, अर्धा कार्यक्रम यावरच जाऊ द्या. आपल्याकडे जुन्या लोकांचा पक्का समज आहे की भिंत जितकी जाड तितकी मजबूत. "आमच्या आजोबाच्या काळातलं घर हाय, भिंत बघा, दोन हात रुंद, ह्याला काय होतंय?" असं अभिमानाने दाखवतात, आणि त्यांना खोटं पाडू नका, उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीत ती जाड भिंत आणि वरचं माळवद घर थंड ठेवतं, बांधणाऱ्याने विचार करूनच बांधलंय. फक्त भिंतीचं पोट उघडून दाखवा. ती एक भिंत नसतेच, दोन पातळ भिंती असतात, एक आतून एक बाहेरून, चांगले दगड दर्शनी बाजूला आणि मधे गोटे, चिपा आणि माती भरलेली. चिखलातलं बांधकाम, सिमेंट नाही चुना नाही. हादरा बसला की मधली भर खाली बसते आणि दोन्ही बाजू बाहेर ढकलते, भिंतीला पोट येतं आणि मग एक बाजू आत आणि एक बाजू बाहेर कोसळते. आत कोसळते ती झोपलेल्यांच्या अंगावर.

वर माळवद. दर दोन-चार वर्षांनी गळतं म्हणून वर पांढरी माती टाकायची, जुनी कोण काढतो, थरावर थर. इथे परत हिशोब करा, फळ्यावर, सगळ्यांसमोर, कुणाला तरी करायला लावा. दहा बाय दहाची खोली, वर फूटभर मातीचा थर, एक घनमीटर मातीला सतराशे किलो धरा, साडेचार-पाच टन होतात. डोक्यावर. आणि दोन फूट थर असेल तर दहा टन, मधे लाकडी तुळया कधीच्या वाळवी लागलेल्या. तो आकडा फळ्यावर आला की सभा एकदम बोलायला लागते, आमचं तर तीन फूट आहे हो, आमच्याकडे उतरवलं होतं, काय काय निघतं.

मग लगेच उपाय, त्याच दमात. धोका सांगून उपाय दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की लोक घाबरून घरी जातात आणि काहीच करत नाहीत. पहिला उपाय जवळजवळ फुकट, माती उतरवा, सहा-आठ इंचांवर आणा, गळतं म्हणून वर प्लास्टिकचा कागद घालून पातळ थर द्या. दुसरा, भिंतीच्या दोन बाजू एकमेकींना बांधा. नव्या बांधकामात या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा लांब दगड घालायचा, आडवा दर चार फुटांवर, उभा दर दोन फुटांवर. जुन्या भिंतीत दगड काढून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्हीकडे वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. भोक हाताने सावकाश पाडायचं, ब्रेकर लावून भिंत हलवायची नाही. तिसरा, दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग पट्टी, काँक्रीटची, कोपऱ्यावर कुठेही न तोडता. चौथा, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरप्या लाकडी आधाराच्या पट्ट्या. एवढंच. सगळं एका वर्षात होणार नाही, म्हणून क्रम सांगा, या उन्हाळ्यात माती, पुढच्या वर्षी जिथे पोरं झोपतात त्या खोलीची भिंत. आणि आज रात्रीपासून करता येण्यासारखं म्हणजे पोट आलेल्या भिंतीशेजारची खाट हलवा. एक पैसा लागत नाही.

इथे एक कळकळीने सांगतो. किल्लारीनंतर दगडाचं नाव बदनाम झालं, लोकांनी भीतीने पत्रे टाकले, सिमेंटच्या मागे लागले. दगड गुन्हेगार नव्हता, चिखलाचा सांधा आणि वरचं ओझं होतं. आणि स्लॅबचं घर म्हणजे सुरक्षित हाही समज मोडायला हवा. शहरात जुळे सोलापूर, होटगी रोडकडे खाली नुसते खांब आणि पार्किंग, वर तीन-चार मजले भिंतींनी भरलेले अशा किती बिल्डिंगा आहेत बघा. खालचा मजला मऊ, वरचे ताठ, हादऱ्यात खालचेच खांब मोडतात, २००१ ला भुजच्या भूकंपात अहमदाबादला, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर, अशाच इमारती बसल्या. खांबातल्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळ-जवळ आहेत का आणि त्यांची टोकं आत वळवलीत का हे स्लॅब पडायच्या आधी बघता येतं, नंतर नाही. शहरातल्या सभेला हाच एक मुद्दा पुरतो.

कोण बोलतो यालाही महत्त्व आहे, काय बोलतो याइतकंच. किल्लारीनंतर जो दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला त्यात ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याशिवाय जवळपास दोन लाख घरं जागेवरच दुरुस्त-मजबूत करायचं काम झालं हे फार कमी लोक सांगतात. त्यात सुरुवातीला लोक विश्वासच ठेवत नव्हते, पैसे मिळाले की नवी खोली बांधू म्हणायचे, भिंतीला भोकं पाडू द्यायला तयार नव्हते. मग स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून कामाला लागल्या, घरोघरी जाऊन काय करायचं, का करायचं, हप्ता कसा मिळतो, गवंडी बरोबर करतोय का हे सांगायला आणि बघायला. माझ्यासारख्या इंजिनिअरने दहा वेळा सांगून जे होत नव्हतं ते शेजारच्या काकूंनी आपल्या घराची भिंत दाखवली की व्हायचं. म्हणून तुम्हीही गावात गेल्यावर एक घर शोधा, एक भिंत करून दाखवा, आणि पुढची सभा त्या भिंतीसमोर घ्या, शाळेच्या हॉलमध्ये नको.

भाषाही बघा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात बऱ्याच घरांत कन्नड चालते, शहराच्या पूर्व भागात विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत तेलुगू, तिथे तुमची शुद्ध मराठी स्लाईड काय कामाची. मराठी त्यांना येते, पण घराची, मरणाची, भीतीची गोष्ट माणूस घरच्या भाषेत ऐकतो. त्या वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी बरोबर घ्या, आणि तिला आदल्या दिवशी बसवून नीट समजवा, जागेवर भाषांतर करायला लावू नका, आकडे हमखास चुकतात. आणि गवंड्याला मंचावर बसवा, मान द्या, कारण तुम्ही गेल्यावर लोक त्यालाच विचारणार आहेत.

बाकी नेहमीचे प्रश्न भराभर सांगतो. "उजनी भरली की भूकंप होतो का?" कोयनेमुळे हा प्रश्न येतो, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि नंतरचे हजारो धक्के धरणाच्या पाण्याशी जोडलेले आहेत हे जगभर मान्य आहे. पण पाणी ताण तयार करत नाही, आधीच ताणात असलेल्या भेगेला निमित्त होतं, आणि कोयनेसारखी मालिका उजनीला दिसलेली नाही. एवढं सांगा. "जमिनीतून आवाज येतो" याला हसू नका, आपल्या कठीण काळ्या खडकात उथळ छोटा धक्का झाला तर खरंच गडगडल्यासारखा आवाज येतो, नांदेडला २००६ नंतर काही वर्षं लोकांनी हे अनुभवलंय. पण खाणीतला सुरुंग असू शकतो, लढाऊ विमानाचा धमाकाही असू शकतो, म्हणून वेळ लिहून ठेवायला सांगा, आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या ॲपवर किंवा साईटवर त्या वेळेची नोंद बघायला शिकवा. पोरं दोन मिनिटांत शिकतात आणि मग गावातली अर्धी अफवा तीच थांबवतात. "मोबाईलवर अलर्ट येतो ना?" येतो, गुगलने २०२३ पासून भारतातही सुरू केलाय, पण तो भूकंप सुरू झाल्यावर येतो, लांबच्या लोकांना काही सेकंद मिळतात, अगदी जवळ असाल तर आधी हादरा येईल मग मेसेज. "देवाची करणी आहे" याच्याशी वाद घालू नका, देव मानणारा माणूसही माळवद उतरवतो.

धक्का बसल्यानंतरच्या पहिल्या तासात तुम्हाला फोन येणार, नाहीतर लोकल चॅनलवाला माईक धरणार. २०२४ मध्ये हिंगोलीला मार्च आणि जुलैमध्ये ४.५ चे धक्के बसले तेव्हा मराठवाडाभर लोक घराबाहेर आले होते, तसं आपल्याकडेही होऊ शकतं. तेव्हा काय झालं, कुठे, किती, हे आधी सांगा, पहिला आकडा थोडा बदलू शकतो हेही सांगा, नाहीतर ४.२ चा ४.५ झाला की लोक म्हणतात लपवलं. मग पुढचं, यानंतर छोटे धक्के बसू शकतात, मोठा बसायची शक्यता कमी आहे पण शून्य नाही. कॅलिफोर्नियातल्या नोंदींचा अनुभव असा की एका भूकंपानंतर आठवड्याभरात त्याहून मोठा होणं शंभरात पाचेक वेळा घडतं. आणि शेवटी काम, दगडमातीच्या घरात, भिंतीला नवी भेग पडली असेल तर आत झोपू नका, गॅस बघा, म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधी हलवा. "घाबरू नका" म्हणायची गरज नाही, काम दिलं की माणूस आपोआप कमी घाबरतो.

भूकंप चालू असताना काय करायचं यावर मात्र बाहेरची पोस्टर जशीच्या तशी चिकटवू नका. खाली बसा, टेबलाखाली जा, धरून ठेवा, हे शाळेला, ऑफिसला, आरसीसी बिल्डिंगला अगदी बरोबर आहे, मुलांकडून सराव करून घ्या. पण पाच टन मातीखालच्या घरात टेबल नसतंच, आणि असलं तरी ते काय करणार. तिथे माझा सल्ला असा की तळमजल्याला असाल, दार दोन-चार पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर पटकन बाहेर पडा, भिंतीपासून लांब. आणि शहरातल्या जुन्या पेठांतल्या अरुंद बोळात असाल तर बाहेर पळणं उलट घातक, दोन्हीकडच्या भिंती, सज्जे, पत्रे सगळं बोळातच येतं. म्हणजे एका गावाला एक उत्तर नाही, घराघराला आहे, आणि ते सांगायचं तर त्या घरात जाऊन दार कुठे, अंगण कुठे हे बघावं लागतं. टेबलाच्या शेजारी आडवं झोपा म्हणून जो मेसेज फिरतो तो मात्र सरळ चूक आहे म्हणून सांगा.

अक्कलकोटकडच्या पुढच्या सभेसाठी एक करा, स्लाईड दहाच्या वर नेऊ नका, त्यात झोनचा नकाशा एकदाच, शेवटून दुसरा, आणि सोबत दाखवायला एक छोटं मॉडेल न्या. गवंड्याकडून दोन छोट्या भिंती करून घ्या, एकीत आरपार दगड आहेत आणि एकीत नाहीत, दोन्ही एकाच फळीवर, फळीखाली चार गोट्या, आणि गावातल्याच एखाद्या पोराला फळी हलवायला सांगा. वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा, बायकांची भाकरी उरकल्यावर, कारण भिंतीशेजारी कोणाची खाट आहे ते त्यांनाच माहीत असतं.